स्वामीजी तुरुंगात असताना काम कोण करत होतं?

(आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)



मागच्या भागात आपण परभणी जिल्ह्याच्या हद्दी कशा आक्रसत गेल्या ते बघितलं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आपलं परतूर तिकडं गेलं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळं झालं. परतूरबद्दल बोलताना मी एवढंच म्हणालो होतो की महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये तिथं झालं, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो होतो. त्यावर बरेच मेसेज आले. दोन मेसेज एकमेकांशी अजिबात संबंध नसलेले, पण विचारणं एकच. एक जण पुण्यात आयटीत आहे, नुकताच टीम लीड झालाय. दुसरी ताई जिंतूर तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. दोघांनीही विचारलं की ‘नेतृत्वगुण’ म्हणतात ते शिकून येतात का, की ते घेऊनच जन्माला यावं लागतं?

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं : दोन दिवसांचं ट्रेनिंग. चांगलं हॉटेल, पांढऱ्या फळ्यावर चार चौकोन, कोरड्या शेवयांच्या काड्यांचा मनोरा रचायचा खेळ, शेवटी प्रमाणपत्र. हसण्यासारखं आहे, पण टाकाऊ नाही, त्यातलं थोडंफार उपयोगी पडतं. मला मात्र त्या दोघांना एक माणूस दाखवावासा वाटला. त्याचं नाव माझ्या बी.टेक.च्या पदवीवर छापलेलं आहे. परभणी, नांदेड, हिंगोली, लातूर इथल्या हजारो पोरांच्या पदवीवर आहे. स्वामी रामानंद तीर्थ. आपण ‘स्वारातीम’ म्हणतो आणि त्या चार अक्षरांत माणूस गडप होतो. अंबाजोगाईच्या दवाखान्याचंही तसंच, ‘स्वाराती’ला अॅडमिट केलंय म्हणतात.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यातले मराठी बोलणारे पाच : औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. कारभाराची भाषा उर्दू, उच्च शिक्षणाची भाषाही उर्दू. सभा घ्यायची तर परवानगी हवी. ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं फर्मान आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला पाठ होतं. गश्ती म्हणजे सर्क्युलर. ब्रिटिश मुलखात सोलापूरला, नगरला जी सभा चौकात व्हायची, ती इकडे घ्यायला अर्ज-विनंत्या कराव्या लागायच्या, आणि तरीही नकार यायचा. राजकीय पक्ष ही चीजच इथं नव्हती. म्हणजे नेता व्हायचं असेल तर त्यासाठी कुठली शिडी उपलब्ध नव्हती. ना नगरपालिकेची निवडणूक, ना कॉलेजची युनियन.

आता माणूस. ३ ऑक्टोबर १९०३ ला विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला जन्म. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. कानडी मुलूख, मग सोलापूरला शाळा. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. त्या सुमारास या सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं लग्न करायचं नाही, देशाचं काम करायचं, असं ठरवलं. असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सोडली. पुढं पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून शिक्षण पुरं केलं.

इथपर्यंत तर काही विशेष नाही. म्हणजे विशेष आहेच, पण १९२० मध्ये शाळा सोडलेली पोरं देशभर हजारोंनी होती. त्यातली बहुतेक दोन-चार वर्षांत परत आली, वकील झाली, नोकरीला लागली. त्यात गैर काही नाही. जोश सतराव्या वर्षी सगळ्यांनाच असतो. मला रस आहे तो पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत, कारण भाषणांत आणि फलकांवर ती वर्षं येत नाहीत. १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनाला आपण ऐकतो ते १९३८ पासून पुढचं. पण १९३८ चा माणूस कुठं तयार झाला?

पहिली जागा मुंबई-दिल्ली. कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून व्यंकटेशरावांनी काम केलं. ना. म. जोशी हे नाव आज फक्त मुंबईतल्या रस्त्यामुळे माहीत असतं. हा माणूस फर्डा वक्ता वगैरे नव्हता. १९११ ला सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० ला आयटक स्थापण्यात पुढं होते, मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूनं बसायचे, आणि १९२६ चा ट्रेड युनियनचा कायदा झाला त्याच्यामागं त्यांचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. अशा माणसाचा चिटणीस काय करत असेल? पत्रं. निवेदनं. आकडे गोळा करणं. कुणाला काय कळवायचं राहिलंय ते लक्षात ठेवणं. दुसऱ्याच्या नावानं जाणारा मजकूर चोख लिहायचा आणि स्वतःचं नाव कुठंच नाही.

आमच्या क्षेत्रात याला मान नाही. नवीन पोराला मीटिंगचे मिनिट्स लिहायला सांगितलं की तोंड पडतं. पण संघटना हा शब्द ज्याला कळायचाय त्यानं आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली कागद सांभाळलेले असावेत, असं माझं पक्कं मत झालंय. पुढं बंदीच्या काळात, पाळत असताना, तीन भाषांच्या संस्थानात संघटना चालवायची होती, ती काही घोषणांवर चालली नाही.

दुसरी जागा हिप्परगा. आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात. १९२१ मध्ये इथं राष्ट्रीय शाळा निघाली होती. निजामाच्या राज्यात, खेड्यात, मराठीतून शिकवणारी शाळा. अनंतराव कुलकर्णी आणि व्यंकटराव देशमुख हे तिचे संस्थापक. खेडगीकर १९२९ मध्ये तिथं मुख्याध्यापक म्हणून आले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले, शिकवणं मात्र चालूच राहिलं. संन्यासी माणूस मुख्याध्यापक! हिमालयात जायचं सोडून पोरांच्या वह्या तपासतोय. १९३५ मध्ये हिप्परग्यात पटेनासं झालं, तेव्हा ते आणि सहकारी शिक्षक अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी शाळेत कामाला लागले. अंबाजोगाईला त्या काळी मोमिनाबाद म्हणायचे.

या शाळांबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण माझ्या मते सगळा जीव इथं आहे.

शिक्षकाचं काम असं असतं की त्यात तुमचं यश दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. आणि ते मोजायला दहा वर्षं लागतात. ज्याला लगेच टाळी हवी असते तो या कामात टिकत नाही. रामानंद तीर्थ यात आठ-नऊ वर्षं टिकले, वयाच्या सव्विसाव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत. आपल्याकडे ज्या वयात माणूस ‘सेटल’ व्हायची घाई करतो, बरोबर त्याच वयात. बाबासाहेब परांजपे हे हिप्परगा आणि अंबाजोगाई दोन्हीकडचे त्यांचे सहकारी. हेच परांजपे पुढं लढ्यात सरहद्दीवर होते आणि १९५२ ला बीडमधून लोकसभेत गेले. म्हणजे शिक्षकांच्या खोलीतली ही मंडळी नंतर अख्ख्या मराठवाड्याच्या आंदोलनाचा कणा झाली.

आणि संन्यासाचं काय? एका मित्रानं हा भाग करायचा म्हटल्यावर मला सुनावलंच, ‘त्यांचं बरं होतं रे, ना बायको, ना पोरं, ना ईएमआय. आम्हाला काय सांगतो.’ आक्षेप रास्त आहे. पण मला त्या संन्यासात वेगळंच काही दिसतं. लोक नेत्याकडं बघताना मनात पहिला हिशोब करतात : याला यातून काय मिळणार? त्या हिशोबाचं उत्तर शून्य आलं की लोक मोकळे होतात. भगव्या कपड्यानं हे उत्तर न बोलता दिलं. अर्थात ते उत्तर देण्याचे इतर मार्गही आहेत. गोविंदभाई श्रॉफ संसारी होते, गणिताचे एम.एस्सी., औरंगाबादला शिक्षक होते. वंदे मातरमचं प्रकरण पेटलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्यांना भगवं घालावं लागलं नाही.

त्या भगव्याचा तोटाही होता, तो सांगायला पाहिजे. राजा मुसलमान, प्रजा बहुसंख्य हिंदू, आणि लढ्याचा पुढारी भगव्या वस्त्रातला स्वामी. ‘हा हिंदूंचा लढा आहे’ असा प्रचार करायला यापेक्षा सोपं चित्र मिळणं अवघड. स्वामीजींनी आयुष्यभर सांगितलं की आमचं भांडण जबाबदार राज्यपद्धतीसाठी आहे, कुठल्या धर्माशी नाही. सिराजुल हसन तिरमिजींसारखे लोक स्टेट काँग्रेसमध्ये होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत राहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना मारलं. तरी ते चित्र पुरतं पुसलं गेलं नाही.

बरं, परतूर. १९३७. संस्थानातल्या तेलुगू लोकांनी आंध्र महासभा १९३० लाच काढली होती, जोगीपेठला. मराठी लोक सात वर्षं मागं. अध्यक्ष होते परभणीचे गोविंदराव नानल. नानल हे आडनाव परभणीकराला नानलपेठेमुळं तोंडपाठ असतं, आणि नानलपेठ म्हटलं की बहुतेकांना पोलीस ठाणं आठवतं! परतूर हे मनमाड-सिकंदराबाद रेल्वेवरचं गाव. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, सगळीकडून रेल्वेनं पोचता येण्यासारखं. जागा निवडताना हे बघितलं असावं असा माझा आपला अंदाज.

परिषदेत नेमस्त मंडळी होती. सरकारला दुखवू नका, आधी शिक्षणाचं बोला, मागण्या सौम्य ठेवा. तरुणांना हे मिळमिळीत वाटायचं. चौतीस वर्षांचे रामानंद तीर्थ मनानं तरुणांकडं होते, पण बाहेर पडून स्वतःचं वेगळं दुकान त्यांनी मांडलं नाही. १९३८ मध्ये लातूरला दुसरं अधिवेशन झालं, त्यांच्याकडं सरचिटणीसपद आलं, आणि ते शाळा सोडून हैदराबादला पूर्णवेळ कामाला गेले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, आणि ती रीतसर सुरू व्हायच्या आधीच, ७ सप्टेंबर १९३८ ला, सरकारनं तिच्यावर बंदी घातली.

मग सत्याग्रह. २४ ऑक्टोबर १९३८ ला पहिली तुकडी निघाली ती आपल्या गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली. तीन दिवसांनी, २७ तारखेला, स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि अटक झाली. शिक्षा दीड वर्षाची.

आणि इथं एक अशी गोष्ट घडली की मला वाटतं नेतृत्वाची खरी परीक्षा तीच. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात चालू झाले होते. स्टेट काँग्रेसच्या लढ्याला जातीय रंग चढतोय, असं गांधीजींचं मत पडलं. त्यांच्या सल्ल्यानं २४ डिसेंबर १९३८ ला सत्याग्रह स्थगित झाला. दोन महिने! लोक तुरुंगात आहेत, नोकऱ्या गेल्यात, उस्मानिया विद्यापीठातून वंदे मातरम म्हटलं म्हणून पोरं काढून टाकलीत, ती नागपूरला जाऊन शिकतायत, आणि वरून निरोप येतो की थांबा.

कल्पना करा. तुम्ही वर्षानुवर्षं खपून एक गोष्ट उभी केली, ती चालायला लागली, आणि ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त मानता त्यानंच ती बंद करायला सांगितली. अशा वेळी दोन सोपे रस्ते असतात. रुसून बाजूला व्हायचं, किंवा झुगारून एकट्यानं चालू ठेवायचं. स्वामीजींनी दोन्ही केलं नाही. शिक्षा भोगली, बाहेर आले, बंदी तशीच होती. १९४० मध्ये गांधीजींच्या संमतीनं वैयक्तिक सत्याग्रह केला, परत आत. १९४२ ला परत. मधल्या काळात महाराष्ट्र परिषदेच्या नावानं गावोगाव बैठका, कार्यकर्ते. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली जुलै १९४६ मध्ये, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी. आठ वर्षं एक संघटना फक्त माणसांच्या डोक्यात आणि एकमेकांवरच्या विश्वासात जिवंत होती. कचेरी नाही, पाटी नाही.

हा चिवटपणा जन्मजात होता का? मला नाही वाटत. हिप्परग्यात पहिल्यांदा घडी विस्कटली, तेव्हा तो माणूस अंबाजोगाईत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला शिकला. लहान अपयशं पचवायची सवय असेल तर मोठं पचतं.

१९४६ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली, समोर बुर्गुला रामकृष्णराव. स्वामीजी निसटते निवडून आले. हे लक्षात ठेवा, निसटते. आपल्याला आज पुतळा दिसतो त्यामुळं वाटतं की सगळा मुलूख त्यांच्या मागं एकमतानं उभा होता. तसं काही नव्हतं. अर्धी संघटना साशंक होती. जून १९४७ मध्ये निजामानं स्वतंत्र राहण्याचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात मुशिराबादला स्टेट काँग्रेसचं पहिलं खुलं अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भरलं : भारतात विलीन व्हा, ही मागणी. १५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबादमध्ये तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांचा ‘जैसे थे’ करार झाल्यावर सुटले, जानेवारी १९४८ मध्ये परत अटक. मग थेट १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाच्या सैन्यानं शरणागती दिली त्या दिवशी, बाहेर.

म्हणजे हिशोब करा. निर्णायक तेरा महिन्यांतले जेमतेम दोन महिने अध्यक्ष बाहेर होता.

आमच्याकडं ‘बस फॅक्टर’ नावाचा एक भीषण शब्द आहे. तुमच्या टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर ‘एक’ असेल तर ती टीम धोक्यात आहे, मग तो एक माणूस कितीही हुशार असो. खरं तर जितका हुशार तितका धोका जास्त. स्टेट काँग्रेसचा बस फॅक्टर बघा. अध्यक्ष तुरुंगात, आणि बाहेर कृती समिती काम करतेय, दिगंबरराव बिंदू तिचे प्रमुख. मनमाड, बार्शी, उमरखेड अशा सरहद्दीपलीकडच्या गावांत कॅम्प आहेत. चांद्याच्या कॅम्पात पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव नावाचा तरुण आहे. हो, तेच, पुढचे पंतप्रधान. वंदे मातरममुळं उस्मानियातून बाहेर पडून नागपूरला शिकलेला, स्वामीजींना गुरू मानणारा. गोविंदभाई आहेत, त्यांची विचारसरणी डावी, स्वामीजींशी सगळं पटतं असं नाही. अनंत भालेराव आहेत, पुढं ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक झाले ते. प्रत्येकाला आपापल्या जागी काय करायचं ते कळत होतं, रोज तुरुंगातून चिठ्ठी यायची वाट बघावी लागत नव्हती.

३० जानेवारी १९४८. गांधीजींची हत्या झाली तो दिवस. त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लढ्यातल्या तरुणांनी लुटली, आबासाहेब लहानकर, साहेबराव बारडकर ही त्यातली प्रमुख नावं. कॅम्पांना पैसा हवा होता. आता लुटीचा पैसा म्हटल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथं मात्र त्या पैशाचा हिशोब ठेवला गेला आणि नंतर तो सादर झाला. अध्यक्ष गजाआड, पोरांच्या हातात बंदुका आणि नोटांची पोती, आणि वहीत नोंदी चालू! मला या लढ्यातली सगळ्यात थरारक गोष्ट ती वही वाटते.

गांधीवादी पुढाऱ्याच्या संघटनेचे कॅम्प सशस्त्र कसे, हा प्रश्न उरतोच. रझाकारांचे गावांवर हल्ले चालू असताना अहिंसेचा आग्रह गावकऱ्यांच्या जिवावर उठला असता, हे स्वामीजींनी मान्य केलं. तत्त्व सोडलं म्हणा, किंवा परिस्थिती ओळखली म्हणा. दोन्ही म्हणणारे तेव्हाही होते.

आता समोरच्या बाजूचाही एक पुढारी बघा. कासीम रझवी. हाही लातूरचाच, वकील. वक्तृत्व असं की ऐकणारा पेटून उठायचा. नेतृत्वाच्या कार्यशाळेत शंभरपैकी शंभर मिळाले असते : आत्मविश्वास, दृष्टी, संवादकौशल्य, अनुयायांवर पकड. काही वर्षांत रझाकारांची फौज उभी केली, निजामालाही आपल्या मागं फरफटत नेलं. सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांत सगळं कोसळलं. स्वतः तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानला निघून गेला. मागं ज्यांच्यासाठी लढतो म्हणायचा ती माणसं राहिली, आणि तिथं आपली मान खाली जाते. पोलीस अॅक्शननंतर मराठवाड्यात मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सगळ्यात जास्त होरपळले असं तिनं लिहिलं, आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला. परभणीत आपण शेजारी-शेजारी राहतो, दोन्हीकडच्या जुन्या माणसांना विचारा, दोन्हीकडं आठवणी आहेत. रझाकारांच्याही आणि नंतरच्याही.

मी हे का काढलं? कारण स्वामीजींच्या घडवण्याची मर्यादा इथं दिसते. शाळेतल्या, परिषदेतल्या शे-पाचशे कार्यकर्त्यांत जो संयम उतरला तो गावागावांत उतरला नाही. बँकेच्या लुटीचा हिशोब ठेवणारी माणसं तयार झाली, पण सूडाला आवर घालणारी पुरेशी तयार झाली नाहीत. एका माणसाच्या गुणांना पोच असते, आणि ती आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असते.

स्वातंत्र्यानंतरचं मी पटकन सांगतो, कारण ते थोडं उदासही आहे. काँग्रेसमध्ये गट पडले. १९५२ ला मुख्यमंत्री झाले बुर्गुला रामकृष्णराव. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले, १९५७ ला औरंगाबादमधून. मंत्री कधीच झाले नाहीत. गोविंदभाईंची वाट वेगळी झाली. देवाणघेवाणीचं, जमवाजमवीचं राजकारण स्वामीजींना जमलं नाही. ज्या निर्लोभीपणामुळं लढ्यात लोक जवळ आले, तोच सत्तेच्या राजकारणात अडचणीचा ठरला, कारण ज्याला काहीच नको असतं त्याच्याशी सौदा कसा करायचा हे कुणाला कळत नाही. पण एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली. हैदराबाद संस्थानाचे भाषेप्रमाणे तीन भाग व्हावेत. नेहरूंना ते फारसं पसंत नव्हतं. ज्या संस्थानाचे ते सर्वात मोठे नेते, तेच मोडा म्हणून ते बसले. १ नोव्हेंबर १९५६ ला तसं झालं. तेलुगू भाग आंध्रात, कानडी भाग म्हैसूरमध्ये आणि आपले पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. कानडी मुलखात जन्मलेला, मराठी मुलखात घडलेला, हैदराबादेत राहिलेला हा माणूस त्यानंतर कुठल्याच एका राज्याचा उरला नाही. २२ जानेवारी १९७२ ला ते गेले. समाधी हैदराबादला, बेगमपेठेत आहे.

त्यांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक १९६७ मध्ये आलं, ‘मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल’. मिळालं तर वाचा.

तर पुण्याच्या टीम लीड भाऊ, आणि जिंतूरच्या ताई. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं असलेलं उत्तर एवढंच : ना. म. जोशींच्या कचेरीतली वर्षं आणि शाळेतली आठ-नऊ वर्षं. ताई, तुम्ही लिहिलं होतं की ग्रामसभेचं इतिवृत्त लिहायचं काम सगळे तुमच्याच गळ्यात मारतात आणि तुम्हाला त्याचा कंटाळा आलाय. ते सोडू नका. आणि भाऊ, तुमच्या मेसेजमधलं ‘मी रजेवर गेलो की सगळं अडतं’ हे वाक्य तुम्ही अभिमानानं लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात आठ दिवस गावी येऊन बघा. फोन बंद ठेवून.

पुढच्या भागात उमरीची बँक, आणि त्या वहीची गोष्ट नीट सांगतो. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा असतील ज्यांना कॅम्पांच्या आठवणी आहेत, तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मला पाठवायलाच पाहिजे असं नाही, ठेवा मात्र. येतो.